जैतापकरबाईंचा फेर

जैतापकरबाई आमच्या शाळेत रुजू व्हायला आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात बदलीचा हुकूम होता आणि खांद्याला लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली ढोलकी. एस.टी.च्या थांब्यापासून शाळा म्हणजे अर्ध्या तासाची चढण. पंचेचाळिशी उलटलेल्या त्या बाई घाटी चढून आल्या, शाळेच्या ओट्यावर टेकल्या, पदराने घाम पुसला आणि आधी ढोलकी सोडून तिला कुठे आपटलं नाही ना ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, हुकूम सावकाश बघा. हिला ठेवायला ओल नसलेली जागा दाखवा."

ते त्र्याऐंशी साल. मी माण तालुक्यातला, डी.एड. होऊन राजापूरच्या आतल्या भागात, डोंगरातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. वाडीला मी "घाटावरचे गुरुजी". आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी, नोकरीत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुन्या असलेल्या या बाई आल्या. चार्ज त्यांनी घेतला तो असा: "सह्या मी करत्ये, कागद तुम्ही सांभाळा. आणि मला पहिली-दुसरी द्या." पहिलीचा वर्ग आपण होऊन मागणारं माणूस मी प्रथमच पाहत होतो. मी तो तत्काळ दिला.

शाळा म्हणजे कौलारू, लांबट अशी एकच खोली. मध्ये दोन कपाटं आणि बांबूचा एक तट्ट्या उभा केला की तिचे दोन वर्ग होत. अलीकडे माझी तिसरी-चौथी, पलीकडे बाई.

पहिल्याच आठवड्यात त्या सहज माझ्या वर्गात डोकावल्या. मला जरा मिरवायचं होतं. तिसरीतला दत्ताराम माझा सगळ्यात चांगला वाचणारा. त्याला उभा केला. त्याने पुस्तक छातीशी धरून खणखणीत आवाजात धडा सुरू केला. बाई कौतुकाने ऐकत जवळ गेल्या, "बघू रे" म्हणत पुस्तक हातात घेतलं आणि परत देताना उलटं दिलं. दत्ताराम जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. एक शब्द चुकला नाही. पुस्तकातला कोंबडा डोक्यावर उभा होता आणि दत्ताराम धडा संपवून बसला.

बाई हसल्या नाहीत. त्याच्या पाठीवर हात फिरवून "पाठांतर झकास आहे तुझं" म्हणाल्या. बाहेर ओट्यावर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "पण तो वाचत नाही हो गुरुजी."

मला ते फार झोंबलं. झोंबलं, कारण खरं होतं. माझ्या वर्गातली अर्धी मुलं अशीच वाचत होती. धडा तोंडपाठ, आणि मधलाच एखादा शब्द दाखवला की तोंडं बंद. मलाही ते ठाऊक होतं. पण परीक्षेत धडा सुरुवातीपासून म्हणायला सांगायचा, हा मार्ग मी शोधून काढला होता.

बाईंनी पहिले तीन आठवडे मुलांना पुस्तक दाखवलंच नाही. चुलीतले कोळसे, चिऱ्याचा तांबडा चुरा, पाल्याचा रस, एवढं घेऊन मुलं जमिनीवर चित्रं काढत बसायची. नंतर कागद आले. सिमेंटच्या पिशव्यांचे, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीचे. एकेक मूल चित्र घेऊन बाईंजवळ जायचं. बाई विचारायच्या, "ह्यात काय चाललंय ते सांग. तू सांग, मी लिहित्ये." मूल जे बोलेल ते बाई चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहायच्या. जसंच्या तसं.

एकदा मी ते कागद चाळले. एका चित्राखाली लिहिलं होतं, "माझ्या आयशीन कुळीथ भाजलान."

"बाई," मी म्हणालो, "हे अशुद्ध आहे. 'माझ्या आईने कुळीथ भाजले' असं पाहिजे."

"कोणाच्या आईने?" बाई म्हणाल्या. "हिच्या आयशीन भाजलान. हिने डोळ्यांनी बघितलान. ते हिला आधी वाचू दे. पुस्तकातली भाषा पाहुण्यासारखी मागाहून येईल, तेव्हा तिलाही पाट मांडू. पण घरातलं माणूस उपाशी ठेवून पाहुण्याला वाढायचं नाही."

त्या पोरीने मला ते वाक्य वाचून दाखवलं. मी मुद्दाम मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "कुळीथ," ती म्हणाली, आणि मला एवढंही कसं येत नाही अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मी तेवढ्याने बधलो नाही. एका वाक्याने काय होतं, असं म्हणून कागद परत दिले.

मग फेर सुरू झाला. गणपतीत कोकणात जाखडी नाचतात. मध्ये गाणारे आणि ढोलकी, भोवती पायांत चाळ बांधून फेर धरलेले गडी. बाईंनी मुलांच्या चित्रांतले शब्द पुठ्ठ्यांवर एकेक करून लिहिले, पुठ्ठ्यांना दोरे ओवले आणि मुलांच्या गळ्यात अडकवले. कोणी 'म्हस' झाला, कोणी 'नदीवर', कोणी 'पळाली'. बाई ढोलकी वाजवायच्या, मुलं गात गात फेर धरायची. ढोलकी थांबली की तीन-चार जणांनी ओळीत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं. 'म्हस झाडावर चढली' असं काही निघालं की खोली हसून दणाणायची. मग मुलंच एकमेकांना ढकलून जागा बदलायची आणि वाक्य जुळवायची. सहा वर्षांची पोरं 'तू तिकडे उभा रहा, तू शेवटी येतोस' असं एकमेकांना बजावत होती. बाई म्हणायच्या, "अक्षरांना पाय फुटू देत. एकदा चालायला लागली की ती घर सोडत नाहीत."

हे सगळं तट्ट्याच्या पलीकडे. अलीकडे मी पाढे घेत असे आणि माझी मुलं तट्ट्याच्या फटींना डोळे लावून बसत.

हे बाईंना कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनीच सांगितलं. त्या खाडीकाठच्या. वडील मचव्यावर खलाशी आणि गावातल्या जाखडीचे ढोलकीवाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मंडळाची गाणी कोणा जाणकाराने वहीत लिहून ठेवली होती, पण वही मंडळातल्या फार थोड्यांना उमगायची. आठ वर्षांची सुलोचना, म्हणजे बाई, दाराआडून तालीम ऐकायची, कारण मुलींनी तिथे बसायचं नाही असा रिवाज. गाणी तिला पाठ झाली. एक दिवस वही तिच्या हाती लागली.

"गाणं तोंडात होतंच," बाई म्हणाल्या. "ते कागदावर कुठे बसलंय एवढंच शोधायचं होतं. गात गेल्ये आणि बोट फिरवत गेल्ये. 'गणराया' सापडला, मग त्यातला 'रा' दुसऱ्या शब्दात सापडला. शाळेत मास्तर छड्या मारून शिकवत होते, त्यातलं काही आलं नाही. वाचायला आलं ते त्या वहीवर. मग वडील तालमीला जाण्याआधी माझ्याकडून ओळी वाचून घ्यायला लागले. ढोलकीही त्यांनीच शिकवली. घरात, दार लावून."

बाईंच्या वर्गात शेवंती नावाची मुलगी होती. वय नऊ, वर्ग पहिलीच. आधीच्या मुख्याध्यापकांनी तिला दोनदा पहिलीत ठेवली होती आणि हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे पेन्सिलीने 'मंद' असा शेरा होता. ती शाळेत एक अक्षर बोलत नसे. दाराशी बसायची आणि सुट्टी झाली की पहिली बाहेर. बाप मुंबईला गिरणीत, आई पार्वती दुसऱ्यांच्या शेतावर कामाला. मुलं तिला मुकी म्हणत. मीही तेच समजत होतो.

शेवंती चित्रात फणसाचं एक प्रचंड झाड काढायची आणि त्याच्या शेंड्यावर मुठीएवढं माणूस. "ही कोण?" बाईंनी विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तेच झाड, तोच प्रश्न, तीच गप्प बसणारी पोर. असे चार-पाच दिवस गेले. मग बाईंनी प्रश्न विचारणं सोडलं. त्यांनी कोळसा उचलला आणि त्याच झाडाच्या एका बारीक फांदीवर अंबाडा घातलेली, नऊवारी नेसलेली एक जाडी बाई बसवली. बाई स्वतः तशा जाड्याच होत्या.

शेवंतीने चित्र बघितलं. बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आणि म्हणाली, "ती फांदी मोडंल."

शाळेत तिचे ऐकू आलेले हे पहिले तीन शब्द. बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चित्राखाली लिहिलं, "ती फांदी मोडंल." कागद तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू म्हणालीस ते हे. बघ बरोबर उतरलंय का." शेवंतीने बोट ठेवून एकेक शब्द म्हटला. त्या दिवसापासून फेरात 'फांदी' हा पुठ्ठा तिचा. दुसऱ्या कोणी घेतला तर ती हिसकावून घ्यायची. तशी हिसकाहिसकी मी असताना कोणी केली असती तर मार खाल्ला असता. बाई म्हणाल्या, "शब्दासाठी भांडत्ये. भांडू दे."

पुढे नाटकं आली. मुलं धड्यातली माणसं वाटून घ्यायची आणि ज्याचं बोलणं असेल त्याने ते पुस्तकात बघून, त्या माणसाच्या आवाजात वाचायचं. म्हातारी कशी बोलेल, वाघ कसा, सावकार कसा. शेवंती वाघ झाली तेव्हा माझ्या चौथीच्या मुलांनी दचकून तट्ट्याकडे बघितलं.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही संकोच वाटतो. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तालुक्याच्या ऑफिसला बाईंविरुद्ध कागद दिला. 'इयत्ता पहिली व दुसरीच्या वर्गात अध्यापनाच्या वेळात नाचगाणी चालतात, अभ्यासक्रम मागे आहे, शेजारील वर्गास व्यत्यय येतो', असं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. गोंगाट हे कारण मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण ते उलटं धरलेलं पुस्तक होतं. माझी मुलं माझ्याकडे पाठ करून तट्ट्याकडे बघतात, हेही होतं.

सरकारी कागद सावकाश चालतो. वर्ष संपलं, नवा जून आला, तरी काही हललं नाही. मी जवळजवळ विसरलो होतो.

वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. त्यांची पत्रं यायची आणि ती बायकांना मी वाचून दाखवायचो. शाळा सुटल्यावर ओट्यावर चार-पाच जणी पत्रं घेऊन बसलेल्या असायच्या. एकीचं पत्र सगळ्या ऐकायच्या. नवऱ्याने रागाने काही लिहिलेलं असो की मायेने, ते माझ्या तोंडून, चारचौघींत. काही ओळी मी मनातच वाचून गाळत असे, आणि गाळल्याचं त्यांना कळत असे. त्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसायच्या.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात माझ्या लक्षात आलं, की ओट्यावर कोणी येईनासं झालंय. आधी एक कमी झाली, मग दोघी, मग दोन आठवड्यांत एकही पत्र नाही. माझ्या मनात चोर होता. मी दिलेल्या कागदाची बातमी वाडीत फुटली आणि बायका रागावल्या, असं मला वाटलं. शेवटी शेवंतीची आई विहिरीवर भेटली तेव्हा धीर करून विचारलं, "पार्वतीबाई, मुंबईहून पत्र येत नाही का हल्ली?"

"येतंय की," ती म्हणाली. "आमची शेवंती वाचते."

"सगळं वाचता येतं तिला?"

"सगळं. दोनदा वाचते." ती कळशी उचलता उचलता थांबली. "रागावू नका गुरुजी. तुमी वाचायचाव ना, तवा ह्यांचं पत्र सरकारी वाटायचं. शेवंती बापाचा आवाज काढून वाचते. बापूस घरात बसून बोलतोय असं वाटतं."

मी तिथून शाळेत आलो आणि पोस्टमनने आणलेल्या पत्रांची घरं मनात मोजली. ओट्यावर यायचं आधी बंद केलेल्या प्रत्येकीचं मूल बाईंच्या वर्गात होतं. मागाहून माझ्या तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आयाही आपली पत्रं शेजारच्या पहिली-दुसरीतल्या पोरांकडून वाचून घेत होत्या.

बाई खोलीत एकट्याच पुठ्ठे कापत बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो. "बाई, मी तुमच्याविरुद्ध ऑफिसला कागद दिलाय. गेल्या वर्षी."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "राजापूरला मीटिंगला गेल्ये होत्ये तेव्हा ऑफिसातल्या क्लार्कने दाखवला."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? गोंगाट होतो हे खरंच आहे. नाचगाणी होतात हेही खरं. अभ्यासक्रमाचं तेवढं खोटं होतं, पण ते मी सांगून तुम्हाला पटलं नसतं." त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "अक्षर मात्र छान आहे तुमचं. ह्या पुठ्ठ्यांवर तुम्हीच लिहा."

दुसऱ्या दिवशी मी तट्ट्या काढून भिंतीला टेकवून ठेवला. दुपारचे दोन तास चारही वर्ग एकत्र बसू लागले. दत्ताराम पहिल्या दिवशी शेवंतीच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या गळ्यातला शब्द तिने त्याला वाचून दाखवला.

आणि दसऱ्यानंतर माझा कागद शेवटी पोचायचा तिथे पोचला. शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण कडक होते. घाटी चढून दमले होते, आणि येताना वाटभर खोकत होते. आल्या आल्या त्यांनी माठातलं पाणी मागितलं, ते गटागट प्यायले आणि भिंतींवर टांगलेल्या चित्रांकडे बघत म्हणाले, "बाई, गॅदरिंग वर्षातून एकदा असतं. तुमच्याकडे रोज असतं असं ऐकतो."

"रोज असतं साहेब," बाई म्हणाल्या.

"वाचन दाखवा. तक्रार खरी निघाली तर मला पुढे लिहावं लागेल. बदली होईल, आणि ती सोयीची होणार नाही."

बाईंनी मान हलवली. मला बोलायचं होतं, तोंड उघडलंही, पण त्यांनी हाताने थांबवलं.

साहेबांनी दुसरीचं पुस्तक काढलं. चार मुलांना उठवलं. चौघांनी वाचलं. साहेब पान मधूनच उघडायचे, ओळ मधूनच दाखवायचे. पण त्यांचं समाधान होईना. "पुस्तक घोटून घेतलंय," ते म्हणाले. "मी वीस वर्षं शाळा तपासतोय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. वैद्याकडचं औषध होतं. बाटलीभोवती बारीक अक्षरांत छापलेला कागद गुंडाळलेला. तो सोडून त्यांनी समोरच्या मुलीपुढे धरला. ती शेवंती होती.

"हे वाच."

शेवंतीने कागद उजेडाकडे धरला. "दोन चमचे... कोमट पाण्यातून... जेवणानंतर घ्यावे." मग आणखी दोन ओळी. मग एका ठिकाणी थांबली. साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. शेवंतीचा उजवा हात तिच्या मांडीवर हळूच ठेका धरू लागला. ढोलकीवर बाई शब्द फोडून वाजवायच्या, तसा. "थंड पाणी, दही व आंबट पदार्थ... वर्... वर्ज्य."

"वर्ज्य म्हणजे काय?" साहेबांनी लगेच विचारलं.

तिने पुन्हा मागची ओळ वाचली. विचार केला. "ते घ्यायचं नाय," ती म्हणाली. मग कागदावरून नजर उचलून तिने साहेबांकडे बघितलं. "साहेब, तुमी तर आत्ताच माठातलं पाणी प्यायलाव. दोन तांबे."

साहेबांनी माठाकडे बघितलं. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ती बघून शेवंतीने कागदाकडे बोट दाखवत मान हलवली. बाईंनी चहासाठी पेटवलेल्या चुलीवरचं कोमट पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

साहेब मग दोन तास बसले. फेर बघितला. माझी तिसरी-चौथीही तपासली. तिथे काही वाचते झाले होते, काही अडखळले. मी उभा राहून सांगितलं, "साहेब, ह्यांचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तो कागद मी दिला होता, तो चुकीचा होता. दोन महिन्यांपासून मी बाईंकडून शिकतोय." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. जाताना शेरेबुकात त्यांनी दोन वाक्यं लिहिली: 'वाचन तपासले. मुले वाचतात.'

बाईंनी ते पान पुनःपुन्हा उघडून बघितलं. "'मुले वाचतात'," त्या म्हणाल्या. "दोनच शब्द, पण वीस वर्षांत माझ्या शेरेबुकात कोणी लिहिले नव्हते हो. सगळे लिहितात, 'हजेरी समाधानकारक'."

त्या हिवाळ्यात साहेबांनीच बाईंना राजापूरला बोलावलं, भागातल्या शिक्षकांना हे दाखवायला. शाळेच्या हॉलमध्ये तीसेक शिक्षक, पुढे टेबल, टेबलावर हार. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत गडबडल्या. मग माइक बाजूला सारला, पिशवीतून पुठ्ठे काढले आणि म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. तुम्ही सगळे उठा आणि हे गळ्यात घाला."

पांढरी टोपी घातलेले, निवृत्तीला आलेले गुरुजी गळ्यात 'मांजर' आणि 'दूध' अडकवून फेरात उभे राहिले. आधी लाजत, मग ढोलकीने पाय धरल्यावर नाचत. साहेबांच्या वाट्याला 'आणि' आला. "बाई, 'आणि' म्हणजे काही शब्द झाला का," ते म्हणाले. "साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही हललात तर वाक्य तुटेल. जागेवर उभे रहा." साहेब जागेवर उभे राहिले. पुढच्या वर्षी त्या भागातल्या सात-आठ शाळांतून ढोलकीचे आवाज यायला लागले. त्यांतल्या दोन शाळांत पुठ्ठे मी स्वतः जाऊन लिहून दिले.

बाई आमच्याकडे चार वर्षं होत्या. मग त्यांना खाडीकडच्या, माहेरच्या गावाजवळची शाळा मिळाली, आणि तिथेच त्या निवृत्त झाल्या. आज त्या नाहीत. त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेलो होतो, तेव्हा अंगणात शेजारची चार पोरं चित्रं काढत बसलेली आणि बाई पलंगावर उशाला टेकून त्यांची वाक्यं लिहीत होत्या. माझी विचारपूस नंतर झाली. पण त्यांचं नाव निघालं की मला आठवते ती त्यांच्या आमच्याकडच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार.

त्या वर्षी भातकापणी उरकल्यावर वाडीतल्या बायका एक दिवस शाळेत आल्या. पार्वती पुढे होती. "बाई, पोरी वाचतात, ते बरं झालं," ती म्हणाली. "पण आमचं काय?" बाईंनी वह्या तपासायच्या बाजूला ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ओट्यावर अकरा बायका बसू लागल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांच्या तोंडात होत्याच. बाईंनी त्या लिहून घेतल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. रांगोळीच्या बोटांनी त्यांनी अक्षरं काढली. फेर धरायला सांगितला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आता ह्या वयात नाचवताव काय?" बाई म्हणाल्या, "पोरींनी नाचायचं आणि आयांनी नुसतं बघायचं, असं माझ्या शाळेत नाही." म्हातारी पदर खोचून उठली.

एप्रिलच्या मध्यावर पार्वतीने मुंबईला पत्र टाकलं. स्वतः लिहिलेलं, चार ओळींचं. म्हैस व्याली, शेवंती पाचवीत जाणार, मी बरी आहे, तुम्ही बरे असा.

दहा-बारा दिवसांनी भरदुपारी शाळेच्या दारात एक माणूस उभा राहिला. हातात पिशवी, पायांवर वाटेची तांबडी धूळ. शेवंतीचा बाप. रजा काढून आला होता आणि घरी न जाता थेट शाळेत. खिशातून त्याने ते पत्र काढलं. "बाई, हे कोणी लिहून दिलान? शेवंतीचं अक्षर मी वळखतो. हे तिचं नाय."

"घरी विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"घरी नाय गेलो अजून."

बाईंनी शेवंतीला पिटाळलं. थोड्या वेळाने पार्वती आली. गोठ्यातून तशीच उठून आलेली, ओले हात पदराला पुसत. नवऱ्याला बघून दारातच थबकली. त्याने पत्र पुढे केलं. "हे तू लिवलंस?"

तिने मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनी खडू उचलला, तिच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. मी त्यांच्या मागे गेलो. "तुम्ही आत थांबा ना," मी म्हणालो. "कशाला?" त्या म्हणाल्या. "तिची परीक्षा मी का म्हणून घेऊ?" पण कान त्यांचे आतच होते. ढोलकी वाजवणारे त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले मी बघितले.

आत खडूचा आवाज येत होता. थांबत, पुन्हा येत. मग खडू ठेवल्याचा आवाज आणि मागून त्या माणसाचा, एकेक शब्द वाचणारा, जड आवाज: "दमून आलाव. आधी घरी चला, च्या घेवा."

मुलं हसली. मग तोही हसला. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि पिशवी उचलली. दोघं बाहेर आली. तो बाईंपुढे थांबला, हात जोडले, आणि बायकोच्या मागोमाग घाटी उतरू लागला. शेवंती पिशवीचा एक बंद धरून त्यांच्याबरोबर.

बाई आत आल्या आणि फळ्यापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "'दमून'मधला मू बघितलात? दीर्घ काढलान."

"बघितला बाई."

तो फळा त्यांनी पुढचे चार दिवस कोणाला पुसू दिला नाही. त्या चार दिवसांतली सगळी गणितं माझ्या फळ्यावर झाली.